गवत वाळल्यावर येणारा पैसा : नेब्रास्काच्या चेरी काउंटीतले रँचर आणि सरकारी अनुदान (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतल्या शेती अनुदानाबद्दल मराठीत बोलणं होतं ते बहुतेक मका, सोयाबीन आणि कापसाबद्दल. गवतावर गुरं पाळणाऱ्या रँचरला सरकारकडून काय मिळतं, कशाबद्दल मिळतं आणि कधी मिळत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. अनेकांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी एकच काउंटी (राज्यातला, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घेतली आहे, कारण नियम कागदावर वाचण्यापेक्षा एखाद्या जमिनीवर ठेवून पाहिले की लवकर कळतात.

चेरी काउंटीच का?

नेब्रास्का राज्याच्या उत्तरेला असलेली ही काउंटी क्षेत्रफळाने जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी आहे, सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती. चेरी काउंटीत २०२० च्या जनगणनेत ५,४५५. त्यातली निम्म्याच्या आसपास व्हॅलेंटाइन या मुख्य गावात राहतात. काउंटी इतकी लांब पसरली आहे की पश्चिमेकडच्या भागात घड्याळ एक तास मागे असतं.

ही सगळी सँडहिल्सची जमीन. वाळूच्या टेकड्या आणि त्यांना धरून ठेवणारं गवत. नांगर घातला तर गवताची मुळं सुटतात आणि वाळू उडू लागते, म्हणून इथे पीक घेणं जवळजवळ अशक्य. १९०४ च्या किंकेड कायद्याने सरकारने इथे प्रत्येक कुटुंबाला ६४० एकर देऊन वसवायचा प्रयत्न केला. तेवढ्यात भागलं नाही, अनेकांनी जमीन शेजाऱ्याला विकून गाव सोडलं आणि रँच मोठ्या होत गेल्या. एका गायीला वर्षभर जगवायला जिथे दहा-वीस एकर कुरण लागतं, तिथे ६४० एकरांत किती गायी बसणार? गायी पाळून वासरं विकणाऱ्या काउंट्यांमध्ये आज चेरीचं नाव देशात अगदी वर घेतलं जातं.

शेती अनुदान म्हणजे पिकाचा भाव पडला की मिळणारे पैसे ना? गवतवाल्याला ते कसे मिळतील?

ते त्याला मिळतच नाहीत. भाव किंवा उत्पन्न घसरलं की पैसे देणाऱ्या मुख्य योजना मका, गहू, सोयाबीन, भात, भुईमूग अशा ठरावीक पिकांच्या जुन्या नोंदींवर चालतात. निव्वळ कुरण असलेल्या रँचकडे अशी नोंद नसते. २०१८ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध सुरू झालं तेव्हाच्या भरपाईतही दूध आणि डुकरांना वाटा होता, मांसासाठी पाळलेल्या गुरांना नव्हता.

रँचरला येणारा पैसा मुख्यतः आपत्तीचा असतो. पाऊस झाला नाही, वणवा लागला, हिमवादळात गुरं मेली, असं काही झालं तर. चांगल्या वर्षी बऱ्याच रँचरांच्या खात्यात थेट मदतीचा एक डॉलरही येत नाही. एखाद्या वर्षाचा आकडा पाहून ‘यांना सरकार पोसतं’ किंवा ‘यांना काहीच मिळत नाही’ असं म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरतं.

दुष्काळात चाऱ्याचे पैसे देणारी योजना नेमकी कशी चालते?

तिचं नाव लाइव्हस्टॉक फॉरेज डिझास्टर प्रोग्रॅम, सगळे ‘एलएफपी’ म्हणतात. २००८ च्या शेती कायद्याने ती आली, मध्ये बंद पडली आणि २०१४ च्या कायद्याने कायमची झाली. रँचरच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची योजना हीच.

तिचा कणा म्हणजे एक नकाशा. यूएस ड्रॉट मॉनिटर हा नकाशा १९९९ पासून दर गुरुवारी प्रसिद्ध होतो. त्यात मंगळवार सकाळपर्यंतची स्थिती असते. तो तयार करणारं राष्ट्रीय दुष्काळ निवारण केंद्र याच राज्यातल्या लिंकन शहरात, नेब्रास्का विद्यापीठात आहे. कृषी खातं आणि हवामान खातं त्यात सहभागी असतात. पाऊस, मातीतला ओलावा, नद्यांचं पाणी आणि स्थानिक लोकांचे अहवाल पाहून रंग भरले जातात. डी-२ म्हणजे तीव्र दुष्काळ, डी-३ अतितीव्र, डी-४ असाधारण.

चरण्याच्या हंगामात काउंटीवर हा रंग किती आठवडे राहिला, यावर किती महिन्यांचे पैसे मिळतील ते ठरतं. डी-३ एकदा जरी आला तरी ३ महिन्यांचे. डी-३ चार आठवडे टिकला किंवा डी-४ एकदा आला तर ४ महिन्यांचे. डी-४ चार आठवडे राहिला तर ५ महिन्यांचे. डी-२ साठी पूर्वी सलग ८ आठवडे लागत आणि मग १ महिन्याचे पैसे मिळत. २०२५ च्या कायद्याने ही अट सैल झाली : सलग ४ आठवड्यांना १ महिना, आणि आठपैकी ७ आठवड्यांना २ महिने.

नियमातला एक शब्द चेरी काउंटीत फार मोलाचा आहे. रंग काउंटीच्या ‘कुठल्याही भागात’ आला तरी सगळी काउंटी पात्र होते. लहान काउंटीत याने फरक पडत नाही. पुणे जिल्ह्याएवढ्या काउंटीत मात्र नैऋत्येच्या कोपऱ्यात डी-३ लागला आणि ईशान्येला बरा पाऊस झाला, तरी ईशान्येचा रँचर अर्ज करू शकतो. आपल्या कुरणाचं नुकसान झालं असं त्याला सहीनिशी सांगावं लागतं. उलट काउंटीच्या सीमेपलीकडे, कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला तितकंच वाळलेलं गवत असलेल्या शेजाऱ्याच्या काउंटीत रंग एक पायरी कमी असेल, तर त्याला काही नाही. मला हा या योजनेतला सर्वांत मोठा दोष वाटतो. पाऊस काउंटीची हद्द ओळखत नाही.

हाती किती येतात?

गणित करून पाहू. एका गायीच्या महिन्याच्या चाऱ्याचा खर्च सरकार दर वर्षी ठरवतं. सोयीसाठी तो ६० डॉलर धरू. त्याच्या ६० टक्के मिळतात, म्हणजे ३६ डॉलर. ३०० गायी असतील तर महिन्याला १०,८०० आणि डी-३ मुळे ३ महिन्यांचे ३२,४००. अर्थसंकल्पातल्या सक्तीच्या कपातीचे ५.७ टक्के गेले की साधारण ३०,५५० डॉलर उरतात. वासरांना दर कमी असतो.

आणखी एक चाळणी आहे. गुरांच्या संख्येवर येणारा आकडा आणि कुरणाच्या पोसण्याच्या क्षमतेवर येणारा आकडा, यांतला जो लहान तो धरतात. त्यामुळे थोड्या गवतावर फार गुरं दाखवून काही साधत नाही.

कोण अपात्र ठरतं?

दुष्काळ सुरू होण्याच्या ६० दिवस आधीपासून गुरं तुमच्याकडे असायला हवीत. दुष्काळ जाहीर झाल्यावर घेतलेल्या गुरांचे पैसे नाहीत. फीडलॉटमध्ये खुराकावर असलेली गुरंही बसत नाहीत, कारण ती चरत नव्हती. कुरण खंडाने घेतलेलं असलं तरी चालतं, फक्त नुकसानीचा धोका तुमच्या अंगावर असला पाहिजे आणि त्या जमिनीची नोंद कार्यालयात वेळेत झालेली असली पाहिजे. जमीनमालकाची गुरं नसतील तर त्याला काही मिळत नाही. हे मला योग्य वाटतं. बायसन पाळणारेही पात्र आहेत.

गुरं मेली तर?

त्यासाठी वेगळी योजना आहे, लाइव्हस्टॉक इंडेम्निटी प्रोग्रॅम. हिमवादळ, पूर, वीज, उष्णतेची लाट यांत नेहमीपेक्षा जास्त गुरं दगावली तर बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात. लांडग्यासारख्या, कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्याने मारलं तर २०२५ पासून १०० टक्के.

तलाठ्याने येऊन पंचनामा करावा तशी पद्धत इथे नाही. पुरावा रँचरनेच जमवायचा : तारखेसह फोटो, पशुवैद्याचा दाखला, मेलेली जनावरं उचलणाऱ्याची पावती, आधी किती गुरं होती त्याची वही किंवा बँकेचा कागद. वादळात उभ्या माणसाला फोटो काढायचं सुचत नाही, आणि तिथेच पुष्कळ जणांचे पैसे बुडतात.

मदत वेळेवर मिळते का?

याचं उत्तर द्यायला दोन वर्षं आठवावी लागतात.

२०१२ हे नेब्रास्कात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सर्वांत कोरडं वर्ष होतं. जुलैत नायब्रारा नदीकाठी वणवे पेटले. कुरणं मेमध्ये हिरवी व्हायची ती झालीच नाहीत. आणि नेमकी त्याच वेळी चाऱ्याची योजना अस्तित्वात नव्हती : २००८ च्या कायद्यातली मुदत सप्टेंबर २०११ अखेर संपली होती आणि संसदेत नवा कायदा अडकला होता.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात, शेजारच्या साउथ डकोटाच्या पश्चिम भागात ‘अ‍ॅटलस’ नावाचं हिमवादळ आलं. गुरं अजून उन्हाळी कुरणात होती, अंगावर हिवाळ्याचे केस आले नव्हते. आधी पाऊस, मग ओला बर्फ, मग वारा. हजारो गुरं कुंपणाला आणि ओढ्यांत अडकून मेली. त्या दिवशी केंद्र सरकारचं कामकाजच बंद होतं, १ ऑक्टोबरपासून शेती कार्यालयांना कुलूप होतं. फोन करायला कुणी नाही, अर्ज करायला योजना नाही.

७ फेब्रुवारी २०१४ ला नवा कायदा झाला. मागच्या तारखेपासून, म्हणजे १ ऑक्टोबर २०११ पासूनच्या नुकसानीची भरपाई मान्य झाली आणि १५ एप्रिल २०१४ पासून अर्ज घेतले गेले. पैसे आले आणि पुष्कळ आले. पण २०१२ च्या उन्हाळ्यात ज्यांनी गायी विकल्या, त्यांना ते जवळजवळ दोन वर्षांनी मिळाले.

गाय विकणं म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवं. चार पिढ्या निवडून ठेवलेल्या गायी त्या टेकड्यांना सरावलेल्या असतात. कुठली पवनचक्की हौद भरते, वारा सुटला की कुठल्या खळग्यात उभं राहायचं, हे त्यांना माहीत असतं. त्या गेल्या की बाजारातून तशाच आणता येत नाहीत. पोटची कालवड ठेवली तर ती दोन वर्षांची झाल्यावर विते आणि तिचं वासरू विकायला आणखी सहा-सात महिने लागतात. एका वाईट उन्हाळ्याची किंमत तीन वर्षं चालते. म्हणून या अनुदानाचं मोजमाप मी एकाच गोष्टीने करते : त्या पैशाने मूळ कळप घरात राहिला का? १ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतली एकूण गुरं ८ कोटी ६७ लाख होती, १९५१ नंतरचा तोवरचा सर्वांत कमी आकडा. त्यामागे अनेक कारणं आहेत, पण दुष्काळात विकलेल्या आणि परत न भरलेल्या गायी हे त्यातलं मोठं कारण.

सरकार स्वतःच गुरं विकत घेतं का?

आता नाही. १९३४ च्या दुष्काळात घेतली होती. जनावरामागे साधारण १४ ते २० डॉलर देऊन सरकारने मैदानी राज्यांतली लाखो गुरं उचलली. जी माणसांच्या खाण्यालायक नव्हती ती तिथेच मारली गेली, बाकीच्यांचं मांस गरिबांना वाटलं. कित्येक कुटुंबं त्या पैशावर तगली.

आपल्याकडच्या चारा छावणीसारखं काही तिथे आहे?

नाही. छावणीत सरकार गुरांना चारा-पाणी पुरवतं, इथे रोख रक्कम खात्यात जमा होते आणि चारा शोधणं रँचरचं काम. त्यातल्या त्यात जवळची म्हणजे ‘ईएलएपी’ नावाची योजना : कुरणातलं पाणी आटल्यावर टँकरने पाणी नेण्याचा खर्च तिच्यातून काही अंशी मिळतो. २०२१ च्या दुष्काळानंतर लांबून चारा आणण्याचा आणि गुरं चाऱ्यापाशी नेण्याचा वाहतूक खर्चही त्यात घेतला गेला.

पावसाचा विमा वेगळा आहे का?

हो, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. कुरणाचा हा विमा २००७ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाला. त्यात तुमच्या रँचवर किती पाऊस पडला हे बघत नाहीत. देशावर पाव अंशाच्या चौकटी आखल्या आहेत, प्रत्येक दक्षिणोत्तर साधारण १७ मैल. तुमच्या चौकटीचा पाऊस सरासरीच्या ठरलेल्या टक्क्यांखाली गेला की पैसे. वर्षातले दोन-दोन महिन्यांचे काळ रँचर स्वतः निवडतो. ७० ते ९० टक्क्यांपर्यंत संरक्षण घेता येतं. ९० टक्क्यांच्या पातळीला हप्त्याचा ५१ टक्के भाग सरकार भरतं, खालच्या पातळ्यांना त्याहून जास्त.

सँडहिल्सचं गवत मे, जून, जुलैच्या पावसावर वाढतं. त्या महिन्यांवर विमा उतरवला तर तो खरा आधार आहे. पण गवताशी संबंध नसलेल्या हिवाळ्यातल्या महिन्यांवरही पैज लावल्यासारखा विमा घेता येतो, आणि तिथे तो चाऱ्याचा विमा राहत नाही. ही पळवाट बंद व्हायला हवी. या विम्याला उत्पन्नाची अट नाही, मदतीची कमाल मर्यादाही नाही.

सरकारी कुरण अगदी स्वस्तात मिळतं, ते अनुदान नाही का?

माझ्या मते आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारच्या जमिनीवर एक गाय तिच्या वासरासह महिनाभर चारायला २०१९ ते २०२५ या काळात सलग १.३५ डॉलर आकार होता. १९८६ च्या अध्यक्षीय आदेशानुसार त्याखाली तो जाऊच शकत नाही, म्हणजे ही तळाची पातळी. खासगी कुरणाचा खंड याच्या कित्येक पट असतो. रँचरांचं म्हणणं असं की तिथे कुंपण, पाणी आणि देखरेख त्यांनाच करावी लागते. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने एवढा फरक भरून निघत नाही.

चेरी काउंटीत मात्र हा मुद्दा लहान आहे. मॅकेल्व्ही राष्ट्रीय वन आणि व्हॅलेंटाइन वन्यजीव अभयारण्य सोडलं तर बहुतेक जमीन खासगी आहे. नेवाडा किंवा वायोमिंगमध्ये हाच प्रश्न पहिल्या क्रमांकावर येईल.

कोविडमध्ये काय मिळालं?

२०२० च्या पहिल्या फेरीत जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत विकलेल्या, ६०० पौंडांखालच्या वासरामागे १०२ डॉलर, कत्तलीला तयार झालेल्या जनावरामागे २१४ आणि एप्रिल-मेमध्ये गोठ्यात असलेल्यामागे ३३ डॉलर. दुसऱ्या फेरीत जनावरामागे ५५, पण पैदाशीच्या गायी वगळून. फेब्रुवारीत विकलेल्याला १०२ आणि मेपर्यंत थांबलेल्याला ३३, या फरकाने शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कटुता आली.

कुंपण, विहीर, पाइपलाइन यांना मदत मिळते?

‘इक्विप’ या योजनेतून खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, नव्या किंवा पूर्वी डावलल्या गेलेल्या शेतकऱ्यांना ९० टक्क्यांपर्यंत. सँडहिल्सच्या कडांनी लाल सीडरची झाडं कुरणात घुसत आहेत, ती काढण्यालाही यातून पैसे मिळतात. गवत मोडणार नाही असा १० किंवा १५ वर्षांचा करार करून वार्षिक भाडं मिळण्याचीही सोय आहे आणि त्या जमिनीवर गुरं चारता येतात.

सगळा पैसा मोठ्यांनाच जातो, हे खरं आहे का?

पुष्कळ अंशी. मदत गायींच्या संख्येवर आहे, त्यामुळे जास्त गायींना जास्त पैसे. चाऱ्याच्या योजनेत एका व्यक्तीला वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा आहे. वरच्या गणिताने डी-४ च्या ५ महिन्यांत ती साधारण ७०० गायींना गाठली जाते. तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरहून जास्त असेल तर मदत नाही, पण २०२५ च्या कायद्याने त्यातही ७५ टक्के उत्पन्न शेतीतून असणाऱ्यांना सूट दिली. मेलेल्या गुरांच्या भरपाईवरची कमाल मर्यादा २०१८ मध्येच काढून टाकली गेली.

मोठ्या रँचवर नवरा, बायको, मुलगा अशा वेगवेगळ्या नावांनी गुरं असली तर मर्यादाही तितक्या वेळा लागू होते. कायद्याने त्यात गैर काही नाही. तरीही १५० गायींच्या घराला जे मिळतं त्यातून त्याचा कळप वाचतो की नाही, हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो, आणि त्या घराला दर वाढवून मिळायला हवा.

अर्ज कुठे करायचा? ठरवतं कोण?

काउंटीतल्या, कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या कार्यालयात. वर काउंटी समिती असते, ३ ते ११ सदस्यांची, आणि ते शेतकरी-रँचरांमधूनच पोस्टाच्या मतदानाने निवडून येतात. ही पद्धत १९३० च्या दशकापासूनची. स्थानिक माणसाला जमीन कळते, हा तिचा मोठा गुण. स्थानिक माणूस भेदभावही करू शकतो, हा तितकाच मोठा धोका.

चेरी काउंटीच्या उत्तर हद्दीला लागून लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या रोझबड आणि पाइन रिज या राखीव भूमी आहेत. मूळनिवासी शेतकरी आणि रँचरांना सरकारी कर्जात डावललं गेलं, म्हणून १९९९ मध्ये ‘कीप्सईगल’ हा देशव्यापी दावा दाखल झाला. २०१० मध्ये ७६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. अनुदानाच्या हिशेबात हे पान वगळलं तर हिशेब खोटा ठरतो, कारण ज्याला कर्जच मिळालं नाही त्याच्या गायी कमी, आणि गायी कमी म्हणून पुढची मदतही कमी.

कुणाला किती मिळालं हे कळतं का?

थेट मदतीची नावं आणि रकमा सार्वजनिक आहेत. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था त्या काउंटीनिहाय मांडते. विम्याच्या हप्त्यात सरकारने कुणासाठी किती भरलं, ते मात्र नावानिशी कळत नाही.

या पैशावर कर लागतो?

लागतो, शेतीचं उत्पन्न म्हणून. दुष्काळामुळे नेहमीपेक्षा जास्त पैदाशीची गुरं विकावी लागली, तर तितकीच गुरं परत घेण्यासाठी दोन वर्षं, आणि केंद्राने दुष्काळी जाहीर केलेल्या भागात चार वर्षं, नफ्यावरचा कर थांबवता येतो. मूळ कळप परत उभा राहावा म्हणून केलेली ही तरतूद मला सगळ्यांत शहाणी वाटते.

प्रत्येक जनावरामागे कापला जाणारा एक डॉलर अनुदानात जातो का?

नाही. तो ‘बीफ चेकऑफ’. मांसाची जाहिरात आणि संशोधन यांसाठी विक्रीच्या वेळी रँचरच तो भरतो.

मी अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे. कुरण आणि गुरं घेतली तर पात्र होईन?

होऊ शकता. चाऱ्याच्या योजनेला नागरिक किंवा कायम निवासाचा परवाना असलेली व्यक्ती चालते. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर नाही.

दुष्काळात गुरं विकून टाकली. आता अर्ज करून उपयोग आहे का?

आहे, करा. दुष्काळामुळे विकलेल्या गुरांचे पैसे नेहमीच्या दराच्या ८० टक्क्यांनी मिळतात. त्यासाठी विक्रीची पावती, विक्रीच्या आधी गुरं किती होती त्याचा पुरावा आणि कुरणाची त्या वर्षीची नोंद लागते. पावती हरवली असेल तर ज्या लिलाव बाजारात गुरं गेली तिथे नक्कल मागा, ते नोंदी ठेवतात. आणि पुढच्या वर्षीच्या कुरणाची नोंद त्याच भेटीत करून या, गुरं थोडीच उरली असली तरी.